तुम्ही विचारलंत म्हणून: घोड्यांच्या फार्मवरून लशींपर्यंत

मी परळची. वडील हाफकिनमध्ये, म्हणजे इथल्या लशी बनवणाऱ्या सरकारी संस्थेत नोकरीला होते हे कळलं की लोक हटकून विचारतात, "सिरम इन्स्टिट्यूटच्या पूनावालांचा मूळ धंदा रेसच्या घोड्यांचा ना? मग ते लशींत कसे शिरले?" कोविडच्या दिवसांत तर दर आठवड्याला कोणीतरी विचारायचं.

सोली पूनावालांनी १९४६ मध्ये पुण्यात स्टड फार्म, म्हणजे घोड्यांच्या पैदाशीचा फार्म काढला. पुढे मुलगे सायरस आणि झवारे त्यात आले. थरोब्रेड, म्हणजे रेसच्या जातीचे घोडे तयार करायचे म्हणजे आधी वंशावळ सांभाळायची. आईबापांची नोंद नसेल तर घोडा रेसला उतरूच शकत नाही, आणि कृत्रिम रेतन या जातीत चालत नाही. घोडी अकरा महिने गाभण, मग दोन वर्षं शिंगराला वाढवायचं, तेव्हा कुठे ते महालक्ष्मीच्या मैदानावर पळतं. एवढं करून पळायची वर्षं मोजकीच. त्यानंतर त्या धडधाकट घोड्यांचं काय करायचं?

पूनावालांच्या फार्मवरचे असे घोडे हाफकिनला दिले जात. कारण घोडा हा औषधाचा कारखानाच आहे. धनुर्वाताचं किंवा सापाचं विष आधी अगदी थोडं, मग हळूहळू मात्रा वाढवत त्याला टोचतात. त्याच्या रक्तात त्या विषाचा उतारा तयार होतो. रक्त काढून त्यातला पिवळसर पातळ भाग वेगळा करायचा, शुद्ध करायचा, की झालं सिरम. यासाठी घोडाच का? पाचशे किलोच्या घोड्याच्या अंगात चाळीस लिटरच्या आसपास रक्त असतं. त्यातलं थोडं काढलं तरी काही दिवसांत भरून येतं.

आपलेच घोडे जर यासाठी उपयोगी पडतात, तर सिरम आपणच का बनवू नये, हे सायरस पूनावालांना सुचलं. १९६६ मध्ये सिरम इन्स्टिट्यूट सुरू झाली, तीही धनुर्वाताच्या सिरमपासून. बाकीच्या लशी नंतरच्या. कंपनीच्या नावातला 'सिरम' हा शब्द घोड्यांकडून आलाय. लोक तो रोज उच्चारतात आणि घोड्यांना विसरतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

माझ्या मामाला देवगडला आंब्याच्या बागेत फुरसं चावलं होतं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालणारं इंजेक्शन त्याला वेळेवर मिळालं. सुजलेला पाय उशीवर ठेवून तो पडला होता. वडील त्याच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "बाळू, कुठल्याशा घोड्याने वाचवलंय तुला." मामा बरा झाल्यावर मुंबईला आला, तेव्हा कुठेही जायच्या आधी मला घेऊन महालक्ष्मीला गेला. पहाटेची रपेट चालली होती. कठड्यापाशी तो बराच वेळ हात जोडून उभा होता.