आर्क्टिक वृत्तावरची दिवेलागण

नॉर्वेच्या क्रूझच्या वेळापत्रकात त्या तारखेपुढे नुसतं ‘समुद्रात’ एवढंच छापलेलं होतं. आमच्या इंदूरच्या ग्रुपमधल्या बऱ्याच जणांनी तो दिवस झोपेसाठी राखून ठेवला. मला विचाराल तर अख्ख्या सहलीत सगळ्यात भरगच्च दिवस तोच.

आदल्या संध्याकाळी गेइरांगर फ्योर्ड, म्हणजे उंच कड्यांमधली अरुंद खाडी, सोडला होता. सकाळी डेकवर गेले तर चहूकडे करडं पाणी आणि शेजारच्याचं बोलणंही ऐकू येऊ नये असा वारा. जूनचा तिसरा आठवडा, आणि आम्ही सगळे कानटोप्यांत! कठड्याला समांतर फुल्मर पक्षी जहाजाच्या वेगानं चालले होते. पंख ताठ, फडफड जवळजवळ नाहीच, नीट कण्णी बांधलेल्या पतंगासारखे. एक तर इतका जवळ आला की चोचीवरची नळी स्पष्ट दिसली. हा पक्षी समुद्राचंच पाणी पितो आणि जास्तीचं मीठ त्या नळीवाटे बाहेर टाकतो. मी किती वेळ तिथे उभी होते कोण जाणे.

दुपारी कप्तानांनी जाहीर केलं, आपण आर्क्टिक वृत्त ओलांडतोय. ६६ अंश ३४ मिनिटं उत्तर. मला उज्जैन आठवलं. तिथून जवळच जाणारं कर्कवृत्त २३ अंश २६ मिनिटांवर. दोन्हींची बेरीज बरोबर ९०. पृथ्वीचा आस जेवढा कललाय, त्यावरूनच दोन्ही रेषा ठरतात. त्याच कलामुळे या दिवसांत आपल्याकडे भर दुपारी सावली पायाखाली जाते आणि इथे सूर्य मावळत नाही. एवढ्या उत्तरेला ग्रीनलंड बर्फाखाली असतं. नॉर्वेचा हा किनारा मात्र अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे हिवाळ्यातही गोठत नाही.

“अगं, मावळणारच नाही तर दिवेलागण कधी करायची?” रामबागेतल्या काकूंनी विचारलं. जहाजावर ज्योत लावायला बंदी. मग घड्याळात सात वाजले तसे त्यांनी खिडकीतल्या उन्हालाच हात जोडले. मीही जोडले.

रात्री बारानंतर सगळे पुन्हा वर. नॉर्वेचं उन्हाळी घड्याळ पुढे असल्यामुळे तिथे सूर्य सर्वांत खाली येतो तो एकच्या सुमारास. अगदी उत्तरेला, क्षितिजाच्या जरासा वर. आडवा सरकत राहिला आणि चढू लागला.

“टेकला नाही गं, टेकला नाही!” काकू माझा दंड धरून म्हणत होत्या. दुसऱ्या दिवशी होनिंग्सवाग बंदरात उतरून नॉर्थ केपचा ३०७ मीटर उंच कडा बघायचा होता. एवढं जागरण होऊनही पहिल्या बसमध्ये त्याच आधी चढल्या.