ड्रेनेजच्या चरात जुन्या विटा लागल्या आणि माझे २३ दिवस गेले

आधी हे सांगतो, नाहीतर विसरेन: चरात जुनी खापरं दिसली तर धुऊ नका. मी धुवायला लावली होती.

काम साधं होतं. तुंबणारी जुनी लाइन बाद करून त्याच रस्त्यात जरा खोल नवी टाकायची. परवानग्या, वाहतूक वळवणं, सगळं वेळेत झालं. साडेतीन मीटरवर जेसीबीचं बकेट विटांना घासलं आणि ऑपरेटरने स्वतःहून मशीन थांबवलं. विटा रुंद, चपट्या, आजच्या नव्हेत. शेजारी खापरं. मी मुकादमाला म्हटलं, गोळा करा, धुवा, पोत्यावर मांडा. बघायला येणाऱ्यांना नीट दिसू दे.

पुरातत्त्ववाल्यांना त्याच दिवशी कळवलं. कुणीतरी येईल, फोटो काढेल, जाईल, अशी माझी समजूत. आला तो एक छापील नमुना. त्यातला सातवा रकाना मी जन्मात विसरणार नाही: ‘कोणत्या थरात व किती खोलीवर आढळले’.

मी लिहिलं, ‘रस्त्यापासून ३.५ मीटर’. आठव्या दिवशी कागद परत. शेरा: पातळी कशाच्या संदर्भाने? अरे, रस्त्याच्या! समोर दिसतोय की! फोनवर तावातावाने बोललो. पलीकडच्या बाईंनी शांतपणे विचारलं, ‘पुढच्या डांबरीकरणानंतर तो रस्ता तिथेच राहणार आहे का?’ दिवसभर लेव्हल घेणारा माणूस मी, आणि पक्क्या बेंचमार्कपासूनची, म्हणजे उंची ठाऊक असलेल्या कायमच्या खुणेपासूनची, पातळी द्यायचं मला सुचलं नाही. पण नमुन्यावरच तशी एक ओळ छापली असती तर आठ दिवस वाचले असते, हे मी आजही म्हणतो.

दुसऱ्यांदा थरावर अडलं. मी ‘माती’ लिहिलं होतं. काळी की पिवळी? राख, कोळसा? वर काय, खाली काय? त्याच थरावरून काळ ठरतो, आणि माझी खापरं तर पोत्यावर लख्ख होऊन बसलेली. तिसऱ्यांदा सगळं बरोबर भरलं, तर सही करणारे रजेवर.

तोवर चर उघडा. पंप रात्रंदिवस चालू, बाजूच्या फळ्यांचे टेकू रोज तपासायचे, आणि येणाराजाणारा वाकून विचारणार, ‘हंडा सापडला का?’ (लाकूड किंवा चामडं निघालं तर ओलंच ठेवा, उन्हात वाळलं की तडकतं. आमच्याकडे तसं काही नव्हतं, नाहीतर मी तेही वाळत घातलं असतं.)

रात्री मोबाइलवर वाचत बसायचो. २००४ मध्ये जेरुसलेममध्ये सांडपाण्याच्या पाइपचं काम करताना दगडी पायऱ्या लागल्या आणि प्राचीन सिलोअम तलाव सापडला. इटलीतल्या लेच्चे शहरात एका घरमालकाने २००० साली संडासाचा पाइप शोधायला जमीन फोडली, खाली दालनं आणि थडगं निघालं. खोदकाम वर्षानुवर्षं चाललं, आता तिथे संग्रहालय आहे. ते वाचून माझे दिवस जरा हलके वाटले.

आम्हालाच हे का सापडतं, तेही सांगतो. पाण्याची लाइन दाबावर चालते, वर-खाली कशीही नेता येते. सांडपाणी उतारानेच वाहतं, म्हणून सपाट भागात आमची लाइन पुढे पुढे खोल जाते आणि बाकीच्यांच्या खाली पोचते.

तेविसाव्या दिवशी एक तज्ज्ञ आले. हातातल्या छोट्या थापीने त्यांनी चराची भिंत तासली आणि मला नुसती माती दिसत होती तिथे पाच पट्टे उमटले. मग म्हणाले, विटांच्या तळाची दोन्ही टोकांना लेव्हल घ्या. घेतली. उतार निघाला, आमच्या लाइनच्याच दिशेने. ती जुनी मोरी होती. खरं सांगतो, त्या क्षणी राग कुठल्या कुठे गेला. एवढा उतार आमच्या ठेकेदारालाही सहज जमत नाही.

मोरी जागेवरच ठेवून आम्ही लाइन बाजूने वळवली. मधे वळण द्यायचं तर मॅनहोल लागतंच, म्हणून दोन जादा बांधली. विटांची नोंद थर आणि पातळीसकट झाली. माझ्या धुतलेल्या खापरांच्या पिशवीवर मात्र चिठ्ठी आहे: ‘मूळ जागा अज्ञात’.