खाणींचे वचन आणि खाणींचा कायदा

आज गोव्यातल्या डिचोलीच्या कोपरा सभेत उमेदवाराने निवडून येताच बंद पडलेल्या लोहखनिजाच्या खाणी सुरू करण्याचे वचन दिले, तेव्हा ज्यांचा खनिज वाहणारा ट्रक कित्येक वर्षे अंगणात गंजत उभा आहे त्या शेजारच्या काकांनी "कशा?" एवढेच विचारले आणि त्यांना उत्तर मिळाले नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये गोव्यातल्या ८८ खाणपट्ट्यांचे (खाणकामासाठी मुदतीने दिलेल्या जागांचे) नूतनीकरण रद्द केले, आणि त्यांवरचे काम थांबले. आता नवा पट्टा लिलावानेच देता येतो, आणि त्यानंतरची जनसुनावणी व पर्यावरण दाखला आमदाराच्या शब्दाने टळत नाही. ट्रकच्या हप्त्यांखाली पिचलेल्या घरांना हे टप्पे न सांगणे मला अन्यायाचे वाटते, म्हणून कोणत्या पट्ट्याचे काम नेमके कुठे अडले आहे, हे मी पुढच्या सभेत उमेदवाराला लेखी विचारणार आहे.