आमची वाटचाल : लाईट कधी येणार?

2009 ला ठाण्यात वर्तकनगरमध्ये एक गाळा भाड्याने घेतला आणि आम्ही दोघांनी इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टिंगला सुरुवात केली, मी आणि माझा मेव्हणा. त्याच्याकडे सुपरवायझरचं लायसन्स होतं, माझ्याकडे दहा वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली वायर ओढल्याचा अनुभव. आधी फ्लॅटचं वायरिंग, मग मीटर रूम, मग बांधकामाची टेम्पररी कनेक्शनं. ही वर्षं तशी सरळच गेली.

खरं शिकलो ते घोडबंदर रोडच्या पहिल्या सबस्टेशनच्या कामावर, म्हणजे जिथे ट्रान्सफॉर्मर बसवून इमारतीला वीज देतात ती जागा. इमारतींचे दोन टॉवर, 630 केव्हीए क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर, काम 1.3 मध्ये, म्हणजे साहित्य मजुरी आपली आणि महावितरणला 1.3 टक्के देखरेखीचं शुल्क (सुपरव्हिजन) भरायचं. लोड काढला, म्हणजे वीज किती लागेल त्याचा हिशोब केला, अर्ज दिला, सर्व्हे झाला, सँक्शन आलं, कोटेशनचे पैसे भरले. ट्रान्सफॉर्मर आला त्या दिवशी क्रेनपाशी उभं राहून सगळ्यांनी फोटो काढले आणि आम्हाला वाटलं की झालंच आता.

केबल रस्त्याच्या पलीकडून यायची होती. जेमतेम चाळीस मीटर, पण रस्ता खोदायची परवानगी लागते हे माहीत असून आम्ही तो अर्ज सगळ्यात शेवटी टाकला, चूक पूर्ण आमची, आणि पावसाळ्याच्या तोंडावर खोदाई बंद झाली ती झालीच. ट्रान्सफॉर्मर प्लास्टिक पांघरून बसला. बिल्डरचा साईट इंजिनिअर रोज सकाळी फोन करायचा, "दादा, लाईट कधी?" तोवर चालणाऱ्या जनरेटरच्या डिझेलचं बिल वाढत होतं आणि त्यातलं निम्मं शेवटी आमच्या बिलातून कापलं गेलं, तो हिशोब आजही मेव्हण्यासमोर काढत नाही मी.

त्या रिकाम्या महिन्यांत एक बरं झालं, अर्थिंग, म्हणजे बिघाड झाला तर करंट जमिनीत उतरायची वाट, नीट करता आलं. तिकडे डोंगराचा मुरूम, खाली काळा दगड, पावसात जमिनीच्या रोधाचं रीडिंग (कमी तितकं चांगलं) गोड दिसतं पण उन्हाळ्यात तेच चढणार, म्हणून अजून पिट (अर्थिंगचे खड्डे) मारून सगळे पट्टीने जोडले. (खाडीच्या बाजूला उलटं, ऐरोलीला कमी रीडिंग पटकन येतं पण खारट मातीत जीआय, म्हणजे जस्त चढवलेली लोखंडी पट्टी सडते.) विद्युत निरीक्षकांचं इन्स्पेक्शन असलं की ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलला दोन वेगळी अर्थिंग, बॉडीला दोन वेगळी, रबर मॅट, वाळूच्या बादल्या, डेंजर बोर्ड, हे सगळं बघतात, आणि त्यांची परवानगी हातात आल्याशिवाय चार्जिंग, म्हणजे वीज सोडणं, नाही म्हणजे नाही.

ऑक्टोबरात खोदलं, केबल टाकली, तिची टोकं बांधली (टर्मिनेशन), मेगर आणि हायपॉट या इन्सुलेशनच्या चाचण्या झाल्या. चार्जिंगच्या दिवशी मेव्हण्याने नारळ सबस्टेशनच्या बाहेर फोडला, म्हणे आत पाणी नको. महावितरणच्या फीडरचा (त्या भागाला वीज देणाऱ्या लाईनचा) शटडाऊन मिळाला, केबल जोडली, लाईन परत आली, आरएमयूचं, म्हणजे हाय व्होल्टेजच्या स्विचच्या पेटीचं, हँडल टाकलं आणि ट्रान्सफॉर्मर गुणगुणायला लागला. रात्रभर लोड न देता तसाच ठेवला, मी खुर्ची टाकून बाहेर. 22 केव्हीच्या बाजूला फुल लोडला साडेसोळा अँपिअर जातात आणि इकडे एलटीला, म्हणजे कमी व्होल्टेजच्या बाजूला, तेच 840 होतात, हे कागदावर शंभरदा केलेलं गणित, पण ते गुणगुणणं ऐकताना वेगळंच वाटतं.

सकाळी पंप चालू केला तर मोटर फिरतेय जोरात आणि टाकीत पाणी नाही! आमच्याच पॅनलवर दोन फेज उलटे लागले होते, म्हणून मोटर उलटी फिरत होती. नशीब, लिफ्ट आधी लावली नव्हती. तेव्हापासून फेजचा क्रम दाखवणारा फेज सिक्वेन्स मीटर माझ्या बॅगेत असतो, डबा विसरेन पण तो नाही.

आज आम्ही चौदा जण आहोत, गाळा तोच, शेजारचाही घेतला. नवीन साईटचा फोन आला की मी ड्रॉइंग नंतर मागतो, आधी विचारतो रस्ता कुणाचा, महापालिकेचा, सिडकोचा की एमआयडीसीचा, समोरचा बिचारा गोंधळतो. सध्या तुर्भ्याला काम चालू आहे, ट्रान्सफॉर्मर ठेवायचा ओटा (प्लिंथ)सुद्धा झालेला नाही, पण खोदाईचा अर्ज फेब्रुवारीतच देऊन ठेवलाय.