अर्धं-अर्धं जॅकेट

मावसभाऊ गुलमर्गला स्कीइंग शिकून आला आणि परतताना जॅकेट आमच्या गावी, यवतमाळ जिल्ह्यात, ठेवून गेला. मुंबईत ते घालणार कधी? आमचाही मे पंचेचाळीस अंशांचा, पण पौष काही साधा नसतो. बाबांनी ते उचलून पाहिलं. "हे घालाचं हाय का पांघराचं?"

खरं तर दोन्ही. आत फ्लीसचं मऊ अस्तर, बाहेरच्या कवचाला चेनने जोडलेलं. बाह्यांच्या टोकाला टिचबटणाची एकेक पट्टी. ती लावायची राहिली की हात काढताना आतली बाही उलटी होऊन बाहेर लोंबते. मी आठवडाभर तसाच लोंबत हिंडलो.

त्या आठवड्यात शेतीची लाइन रात्रीची होती. गव्हाला पाणी द्यायचं, धुऱ्यावर बोचरा वारा, स्प्रिंकलरचे तुषार. तिथे कळलं, हा तर आईच्या कथडीचाच हिशोब. जुन्या लुगड्यांच्या थरांत हवा अडकते, ऊब तिचीच. फक्त कथडीतून वारा आरपार जातो आणि ती भिजली की संपलंच. कवच ते दोन्ही अडवतं. काखेतल्या चेनीला मी आधी हसलो होतो. पाइप खांद्यावर घेऊन चार फेऱ्या झाल्यावर घाम फुटला, तेव्हा ती मुकाट्याने उघडली.

कमरेला आतून एक लवचिक पट्टा आहे, बर्फात पडलं तर बर्फ आत शिरू नये म्हणून. तुरीच्या मळणीत त्याने कुटारही आत येत नाही, हे बनवणाऱ्याला कोणीतरी कळवायला हवं. डाव्या बाहीवरचा, बर्फाच्या उतारावर वर नेणाऱ्या लिफ्टच्या पासचा चिमुकला खिसा बाबांच्या चुन्याच्या डबीला नेमका बसला. शेकोटीजवळ मात्र हे जॅकेट नापास. पऱ्हाटीची एक ठिणगी उडाली आणि कोपरावर तुरीच्या दाण्याएवढं भोक. आईने त्यावर लुगड्याचं ठिगळ लावलं.

मग अस्तर बाबांनी घेतलं, कवच माझ्याकडे राहिलं. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर आला, तेव्हा आमच्याकडेही दात वाजत होते. म्हटलं, आज तरी दोन्ही जोडून घालतो. बाबा खाटेवर अस्तर घालून, वरून कथडी ओढून बसलेले.

"तू तुह्या अर्ध्यात राय," ते म्हणाले, "मी माह्या अर्ध्यात रायतो. अन् ते डबी तेवढी देऊन जा."