आमची वाटचाल : पट्टी काढल्याशिवाय निदान नाही

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात डिझेल गाड्यांचं इलेक्ट्रिक काम आम्ही मॅटाडोरच्या काळापासून करतोय. तेव्हाचे हीटर प्लग, म्हणजे थंड इंजिन पेटावं म्हणून सिलिंडर आतून तापवणारे प्लग, उघड्या कॉइलचे आणि चारही सिरीजमध्ये. एकाची कॉइल तुटली की चारही थंड, गाडी जागची हलत नसे, मग गिऱ्हाईक आपसूक यायचं. मग बंद टोकाचे पेन्सिल प्लग आले आणि जोडणी पॅरलल झाली. आता एक मेला तरी गाडी उरलेल्यांवर थरथरत, पांढरा धूर ओकत उठते. मालक म्हणतो, ‘चालतीया की!’ सगळी भांडणं तिथून सुरू होतात.

मधली वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

२००५ नंतर टाटाचा छोटा हत्ती आला. दोन सिलिंडर, दोन प्लग. एक गेला की अर्धं इंजिन थंड. काम वाढलं, आणि आमच्याच लायनीत एक दुकान उघडलं. पाटीवर ‘तपासणी मोफत’. तपासणी म्हणजे चावी फिरवायची, मान हलवायची आणि प्लगांचा अख्खा सेट बदलायचा. आम्ही तपासणीचे पैसे घेत होतो, आजही घेतो. गिऱ्हाईक तिकडं वळलं. ऐन उसाच्या हंगामात आमचं बेंच रिकामं, कामाची पोरंही निघून गेली. सिलिंडरमधला दाब मोजायचा कॉम्प्रेशन गेज विकायला काढला होता. नशिबानं त्याला भाव आला नाही.

टिकलो ते राधानगरीकडून पहाटे दूध आणणाऱ्या एका तात्यांमुळं. त्यांच्या पिकअपला त्या दुकानात नवा सेट बसला होता, तरी पहाटे सेल्फ मारून मारून बॅटरी बसायची. प्लग चांगलेच होते. हीटर ऑन असताना बॅटरीवर १२ व्होल्टच्या वर, सगळ्या प्लगांना करंट पोचवणाऱ्या पट्टीवर मात्र जेमतेम ९. मधले व्होल्ट रिलेचे, म्हणजे प्लगांना करंट देणाऱ्या स्विचचे, जळके पॉइंट खात होते. ९ व्होल्टवर प्लगची उष्णता जवळपास निम्म्यावर येते. रिले बदलला, काम झालं. तात्यांनी दूध संकलनाच्या रांगेत हे इतक्यांना सांगितलं की आमचं बेंच पुन्हा भरलं.

आमचं हत्यार साधं आहे : इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब, दोन वायरी, एक चिमटा. प्लगवरची पट्टी आधी काढायचीच. ती तशीच ठेवली तर एका चांगल्या प्लगमधून करंट जातो आणि मेलेलेही जिवंत दिसतात. बल्बची एक वायर बॅटरीच्या प्लसला, दुसरी प्लगच्या टोकाला. बल्ब लागला नाही तर प्लग ओपन, म्हणजे आतून तुटलेला. लागला म्हणून प्लग बरा, असंही नाही. साध्या १२ व्होल्टच्या प्लगचा रेझिस्टन्स थंड असताना साधारण अर्धा ते दीड ओहम. मीटरच्या वायरींचा स्वतःचा ओहम वजा करायला विसरू नका. त्याहून खात्रीचा टाँग टेस्टर, म्हणजे वायर चिमटीत धरून करंट मोजणारा मीटर. सुरुवातीला प्रत्येक प्लग १५ अँपिअरच्या आसपास खेचतो आणि तापला की उतरतो. एकच प्लग कमी खेचत असेल तर तोच चोर.

नव्या कॉमन रेल गाड्यांना मात्र हा हिशोब लावू नका. त्यांतल्या बऱ्याच प्लगांवर ५ किंवा ७ व्होल्ट कोरलेलं असतं, त्यांना ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, तुटक-तुटक करंट देतो. बॅटरी थेट लावली की काही सेकंदांत टोक फुगतं, आणि फुगलेला प्लग हेडमधून काढताना मोडतो. म्हणून प्लग इंजिन कोमट असताना, आदल्या रात्री प्लगच्या आट्यांवर गंज सोडवणारं तेल सोडून, हलक्या हातानं मागं-पुढं करत काढायचा. भोकातला कार्बन रीमरनं साफ केल्याशिवाय नवा बसवायचा नाही.

प्लगचं टोक वितळलेलं निघालं तर डिझेलचा फवारा मारणारा नोझल काढून टेस्ट बेंचवर लावा. पिचकारीसारखी धार मारणारा नोझल नवा प्लगही खातो.

धूर बघायला शिका. सेल्फ मारताना पांढरा धूर येतोय म्हणजे डिझेल पोचतंय पण पेटत नाही : प्लग, कॉम्प्रेशन, नाहीतर सेल्फचा वेग. धूरच नाही म्हणजे डिझेल पोचत नाही : लाइनमध्ये एअर, डिझेल चालू-बंद करणारा स्टॉप सोलेनॉइड, फिल्टर. एअरचा संशय असेल तर फिल्टरनंतर पारदर्शक नळीचा तुकडा टाका, रात्रभरात शिरलेले बुडबुडे दिसतात. सेल्फ मारताना बॅटरी साडेनऊ व्होल्टच्या खाली गेली तर आधी बॅटरी, इंजिनची अर्थिंगची पट्टी आणि सेल्फ बघा, प्लगला हातच लावू नका. आणि हीटर असलेल्या गाडीत इथरचा स्प्रे कधीच मारू नका. तापलेल्या प्लगवर तो वेळेआधी भडकतो, रिंगा आणि पिस्टन मोडतात.

त्या दुकानाची पाटी अजून आहे. सेट बदललेल्या गाड्या महिन्याभरात आमच्याकडे येतात, आणि पट्टीचे नट बहुतेकदा ढिलेच सापडतात.

पहाटेच्या तक्रारीची गाडी दुपारी आणू नका, गरम इंजिन सगळ्यांपुढं शहाण्यासारखं वागतं. संध्याकाळी आणून लावा, चावी ठेवून जा. सकाळचा पहिला सेल्फ मीटर लावून आम्हीच मारू.