लकव्यानंतरचा हात आणि सकाळचे पोहे

लकवा होऊन घरी आलेल्या माणसाच्या हातात बहुतेक घरांत सगळ्यात आधी रबरी बॉल येतो. बोटं आधीच आत वळून घट्ट मिटत असतील तर बॉल दाबून ती आणखी आवळू शकतात. अशा हाताला उघडण्याचं काम हवं, आणि इंदूरच्या घरात ते रोज सकाळी पोह्यांच्या निमित्तानं ओट्यावर तयारच असतं.

भिजवलेले पोहे परातीत घ्या, परातीखाली ओला पंचा घाला म्हणजे ती सरकणार नाही. खुर्चीत बसून, दोन्ही पाय जमिनीला टेकवून, तळव्यानं पोहे परातभर पसरायचे. बोटं उघडतच नसतील तर आधी मनगट हलकेच खाली वाकवा. बोटं सैल पडतात. मग अंगठा बुडाशी धरून सावकाश बाहेर घ्या. बोटांची टोकं ओढू नका, आणि दुखऱ्या खांद्याचा हात तर कधीच ओढू नका.

पुढे चिमटीचं काम. वीस शेंगदाणे नॅपकिनवर पसरून एकेक वाटीत टाकायचे. स्टीलच्या ताटात दाणा निसटतो, कापडावर थांबतो. ते जमलं की हरभऱ्याची डाळ. दाणा उचलताना खांदा कानाकडे चढत असेल किंवा अंग एका बाजूला कलत असेल, तर काम झेपत नाहीये. वाटी जवळ आणा, दाणे कमी करा. हिवाळ्यात मटार सोलायला द्या, पण शेंगा ताठ हव्यात. मऊ पडलेली शेंग अंगठ्यानं दाबून फुटत नाही आणि माणूस उगाच हिरमुसतो.

शेव मला या सगळ्यात विशेष मोलाची वाटते. जोर जास्त झाला की ती लगेच मोडते, म्हणजे किती दाबायचं हे हाताला तिथल्या तिथे कळतं. आधी जाड शेव, मग बारीक. जीरावन, म्हणजे पोह्यांवर टाकायचा तिखट मसाला, मात्र चमच्यानंच भुरभुरवा. तिखटाचा हात डोळ्याला लागतो.

खाण्याचा चमचा जाड करायला एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात तो काळा फोम घ्या, दहा सेंटिमीटरचा तुकडा दांड्यावर सरकवा. फोमच्या आत पाणी अडकून राहतं, म्हणून धुतल्यावर काढून वाळवा. पसरट ताटलीऐवजी उभ्या काठाची वाटी द्या, म्हणजे पोहे काठाला लावून चमच्यात घेता येतात. सुरुवात पोह्यांनी करू नका, ते सांडतात. घट्ट दहीभात चमच्याला चिकटून राहतो.

फोडणी दुसऱ्यानं घालावी. बधिर हाताला चटका कळत नाही, म्हणून वाटीही चांगल्या हातानं आधी चाचपावी. गिळताना ठसका लागत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दाणे-शेव तोंडात जाऊ देऊ नका. हातानं उचलायला हरकत नाही, पण समोर कुणीतरी बसलेलं असावं.

दहा-पंधरा मिनिटं पुरेत. हात थकला की बोटं पुन्हा वळायला लागतात, तिथेच थांबा.